तांबूचा विसार

वाचकाचं पत्र:

ताई,

आम्ही २०२१ साली पुण्यातला फ्लॅट भाड्यानं दिला आणि भोर तालुक्यात सासऱ्यांच्या वाटणीला आलेल्या तीस गुंठ्यांवर घर बांधून राहायला आलो. पोट शेतीवर नाही. नवरा आठवड्यातले तीन दिवस पुण्याला ऑफिसला जातो, बाकीचे दिवस घरून काम करतो. मुलांचं आणि जनावरांचं मी बघते. एक गीर गाय, तिचा आठ महिन्यांचा गोऱ्हा, तीन शेळ्या, डझनभर गावरान कोंबड्या आणि एक कुत्रा. सगळी हौस. सासूबाई माळकरी आहेत. बावीस वर्षं पायी वारी केली, आता गुडघे साथ देत नाहीत. मुलगी पाचवीत, मुलगा पहिलीत.

गोऱ्ह्याचं नाव मुलीनं तांबू ठेवलं. तो जन्मला त्या रात्री ती माझ्यासोबत गोठ्यात होती. गाय आता पुन्हा चार महिन्यांची गाभण आहे. नवऱ्यानं हिशेब मांडला, वैरण, पेंड, डॉक्टर, आणि तांबूचा उपयोग शून्य. मला न विचारता त्यानं एका व्यापाऱ्याकडून दोन हजार रुपये विसार घेतला. व्यापारी म्हणाला, "काळजी करू नका, मी पोचवतो." मुलीनं विचारलं, कुठे? नवरा म्हणाला, "मोठ्या शेतावर, तिथे खूप गवत आहे." दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मैत्रिणीनं तिला काय ते सांगितलं. तेव्हापासून ती बापाशी बोलत नाही आणि संध्याकाळी देवापुढे बसत नाही. मला एकदाच विचारलं, "देवाला हे चालतं का?"

वसुबारसेला सासूबाई ताट घेऊन गोठ्याच्या दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. म्हणाल्या, "ज्याचा विसार घेतलाय त्याला ओवाळू कशी?" नवरा म्हणतो, तुम्ही सगळ्या भावनेच्या भरात बोलता, बिलं मी भरतो. रविवारी व्यापारी टेम्पो घेऊन येणार आहे.

मी स्वतः देवाधर्मातली नाही. सासूबाईंसाठी आरतीला उभी राहते तेव्हा ढोंग केल्यासारखं वाटतं. पण पहाटे धार काढताना गायीच्या कुशीला कपाळ टेकलेलं असतं, तेव्हा जे वाटतं ते मला दुसरीकडे कुठेच वाटत नाही. मी श्रद्धेची बाजू घेऊ की हिशेबाची? आणि मुलीला काय सांगू?

(नाव छापू नये.)

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र काल रात्री आलं. त्यातला रविवार वाचला आणि बाकीची पत्रं बाजूला ठेवली.

आधी त्या टेम्पोबद्दल. "मी पोचवतो" म्हणणाऱ्यानं कुठे ते सांगितलं नाही, आणि तुमच्या यजमानांनी विचारलं नाही. उत्तर काय येईल याची त्यांना धास्ती होती, म्हणून विचारलं नाही असं मला वाटतं. नाहीतर मुलीसाठी गवताची गोष्ट रचावी लागली नसती. आपल्या राज्यात गाय कापायला बंदी पूर्वीपासून होती, मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही तिच्यात आले. जनावर कापणं गुन्हा आहे, तसंच त्यासाठी विकणं आणि नेणंही गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ साली ही बंदी कायम ठेवली. म्हणजे कुठे जाणार हे न विचारता दोन हजार रुपये खिशात घालणं कायद्याच्या नजरेतूनही बरं नव्हे.

पण कायदा आला म्हणून गोऱ्ह्यांचं भलं झालं असंही नाही. बैलाचं काम ट्रॅक्टरनं आधीच नेलं होतं, आता त्याला बाजारात भावही राहिला नाही. अडलेला शेतकरी मग रात्री गोऱ्हा लांबच्या रस्त्याला सोडून येतो. पुढ्यात वैरण नसलेल्या माणसाला मी नावं ठेवणार नाही. तुमच्या घरी मात्र वैरण आहे आणि पगारही आहे.

सगळे व्यापारी वाईट नसतात, हेही सांगायला हवं. शेतकऱ्याला बैल जोडून देणारी जुनी माणसं आजही बाजारात भेटतात. ती घेणाऱ्याचं नाव आणि गाव आधी सांगतात, त्याला जनावर बघायला घेऊन येतात. तुमच्या व्यापाऱ्याला एकच प्रश्न विचारा, कुणाच्या दावणीला बांधणार? त्या माणसाचा फोन नंबर मागा. नंबर आला तर बोलणं पुढे नेता येईल. आला नाही तर विसार परत करा.

आता माझी एक गोष्ट सांगते. १९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. आम्ही सातारा जिल्ह्यातले. वडील माळकरी, एकादशी कधी चुकली नाही. दारात बैलांची जोडी होती, त्यातला सर्जा म्हातारा. त्या वर्षी विहिरीनं तळ गाठला. कडबा मिळेना, मिळाला तर परवडेना. एका सकाळी उठले तर सर्जा दावणीला नव्हता. वडील म्हणाले, मामाच्या गावाला पाणी आहे, तिकडे धाडलाय. मी विश्वास ठेवला. पुढच्या बेंदराला मामा आला तेव्हा मी धावत जाऊन विचारलं, सर्जाची शिंगं रंगवली का? मामानं वडिलांकडे पाहिलं. त्या नजरेतून मला सगळं कळलं. वडिलांनी सर्जा विकला याचा राग मला कधीच आला नाही. त्या वर्षी अख्ख्या महाराष्ट्रानं जनावरं विकली. पण मी वर्षभर मामाच्या गावातल्या हिरव्या बांधावर सर्जाला चरताना बघत होते, आणि वडील मला ते बघू देत होते, हे मात्र फार वर्षं सलत राहिलं. वडील खूप थकले तेव्हा एकदा स्वतःच म्हणाले, "तुला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं." सर्जाचं दावं त्यांनी जपून ठेवलं होतं. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. ते दावं आजही माझ्या भावाच्या घरी खुंटीला आहे.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मुलीला खरं सांगा, आणि ते तिच्या वडिलांनी सांगावं. तुम्ही सांगितलंत तर ती तुमच्याकडे वळेल आणि बापापासून आणखी लांब जाईल. त्यांनी तिला गोठ्यात घेऊन बसावं. घरात देवघराजवळ बसवू नये, तिथे ती आत्ता रुसलेली आहे. आणि साध्या शब्दांत सांगावं, "मी तुला गवताचं सांगितलं ते खरं नव्हतं. तो माणूस तांबूला कुठे नेणार होता ते मी विचारलंच नव्हतं. माझं चुकलं." एवढंच. लगेच पैशांचं काढू नये. ते काढलं की मुलांना सगळी माफी सबब वाटते. दहा वर्षांची मुलगी रडेल, कदाचित ओरडेल. ओरडू द्या.

देवाला हे चालतं का, या प्रश्नाचं उत्तर देवाच्या वतीनं कुणीही देऊ नये. तुम्ही नको, यजमान नकोत आणि सासूबाईंनीही नको. आपल्या घराला काय चालतं आणि काय चालत नाही, ते तिला सांगा. ते तुमच्या हातात आहे आणि ती ते उद्या सकाळपासून बघणार आहे.

आता बाजू घेण्याचं. तुम्ही श्रद्धा एका पारड्यात आणि हिशेब दुसऱ्यात टाकलाय. मला मात्र तुमच्या घरात हिशेबच अर्धा झालेला दिसतो. तो पुरा केलात तर सासूबाईंशी तुमचं फारसं भांडण उरणार नाही.

दूध हवं तर वासरू आलंच, इथून तो हिशेब सुरू होतो. गाय व्यायल्याशिवाय दूध नाही, आणि दोनदा व्याली की त्यात एकदा गोऱ्हा. तुमची गाय चार महिन्यांची गाभण आहे, म्हणजे अजून पाच-सव्वापाच महिन्यांनी पुन्हा हाच प्रश्न दारात उभा राहील. तांबूला घालवून तो सुटत नाही. गाय घेताना, घरचं तूप आणि मुलांना निरसं दूध मनात आणताना, हे कुणीतरी बोलायला हवं होतं. विकणाऱ्यानं सांगितलं नसेल. शहराकडून गीर गाय न्यायला येणाऱ्यांना दुधाचे गुण सांगणारे पुष्कळ भेटतात, गोऱ्ह्याचं मात्र कुणी काढत नाही.

त्यातही गीर ही देशी गाय. तिला वासरू लागतं. रोज पहाटे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, आधी तांबूला सोडायचं, तो चारही सडांना ढुशा देतो, गाय पान्हावते, मग त्याला ओढून तिच्या पुढच्या पायाशी बांधायचं. ती त्याचं अंग चाटत राहते आणि तुमच्या बादलीत धार वाजू लागते. रविवारी तांबू गेला तर सोमवारी ती कुणाला चाटणार? बऱ्याच देशी गायी वासरू दिसेनासं झालं की दूध चोरतात, हंबरत राहतात, काही लवकर आटूनही जातात. पूर्वी यासाठीच मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गायीपुढे उभं करायचे. विण्याआधी दोन महिने तिला आटवायचीच आहे, म्हणजे अजून तीनेक महिन्यांचं दूध तुमच्या हातात आहे. यजमानांच्या वहीत तांबूच्या नावानं खर्च लिहिलाय, तिथे हे तीन महिन्यांचं दूधही लिहायला हवं.

आता त्याच्या पोटाचं. आठ महिन्यांच्या गोऱ्ह्याला दिवसाला आठ-दहा किलो हिरवा चारा आणि किलो-दीड किलो वाळली वैरण पुरते. पुरा बैल झाल्यावर वीस-पंचवीस किलो हिरवा आणि चार-पाच किलो वाळला लागेल. तुमच्याकडे तीस गुंठे आहेत. घर, अंगण, भाजीपाला सोडून पाच गुंठ्यांत हत्तीगवत लावा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं 'फुले जयवंत' आपल्याकडे चांगलं येतं. पाणी आणि शेणखत मिळालं तर गुंठ्याला वर्षाकाठी टनभर चारा निघतो. पाच गुंठ्यांत पाच टन, म्हणजे रोजचे तेरा-चौदा किलो. विहिरीला पाणी असेल तर फेब्रुवारीत ठोंबं लावा, अडीच महिन्यांत पहिली कापणी येईल. बांधावर शेवरी लावा, शेळ्यांनाही होईल. आणि आत्ताच, भातकापणी उरकतेय तोवर, गावातून पेंढ्याचे भारे घेऊन ठेवा. हाच पेंढा वैशाखात दुप्पट दामानं घ्यावा लागतो. पेंढ्यात कस कमी असतो, त्यावर नुसतं जनावर पोसू नका, पण पोट भरायला तो लागतो.

उपयोग शून्य, हेही मला पटत नाही. तांबू मोठा झाला आणि पुढचं वासरू आलं, की दोन मोठी जनावरं आणि एक वासरू मिळून रोज वीस-पंचवीस किलो शेण पडतं. एक घनमीटरच्या गोबरगॅसला पंचवीस किलो शेण लागतं आणि त्यावर चार माणसांचा स्वयंपाक निभतो. उरलेली मळी हत्तीगवताला घाला. म्हणजे गवत तांबूला आणि तांबूचं शेण गवताला. सिलेंडर महिन्याला किती लागतात ते तुम्हाला माहीत आहे, तो आकडाही त्याच वहीत टिपा.

पण तीस गुंठ्यांत दरसाल एक जनावर वाढवत नेता येत नाही, हे यजमानांचं म्हणणं खरं आहे आणि सासूबाईंनी ते ऐकायला हवं. "गोठ्यात राहू दे" म्हणणं सोपं असतं. तिसऱ्या वर्षी तिसरा गोऱ्हा दाव्याला हिसके देऊ लागतो तेव्हा ते निस्तरायला पहाटे तुम्ही असता. आणि हेही सांगून ठेवते की तांबूला आता गायीपासून वेगळा बांधा. वर्षाच्या आसपास गोऱ्हे अंगावर येऊ लागतात. मुलगा पहिलीत आहे, त्याला एकट्याला त्या दावणीकडे जाऊ देऊ नका.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते. तुमचा तालुका भाताचा आहे. डोंगराच्या कडेच्या लहान खाचरांत ट्रॅक्टर वळत नाही. पॉवर टिलर आले, तरी चिखलणीला बैल धरणारे शेतकरी त्या पट्ट्यात अजून आहेत. त्यांच्यापैकी कुणाचा तरी एक बैल म्हातारा झालेला असतो आणि जोड लावायची असते. बैलगाडा शर्यतीवाले तुमच्याकडे येणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये शर्यतींचा कायदा कायम केल्यापासून खिलार खोंडांच्या मागे लोक धावतात, पण गीर त्या कामाचा नाही. त्याची चाल संथ, अंग जड. पण चिखलात ओढायला आणि पोराबाळांनी हाताळायला तो शांत असतो. दुधाच्या गाडीवाल्याला विचारा, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारा, गावच्या सहकारी सोसायटीत सांगून ठेवा. दहा-बारा किलोमीटरच्या आतला, स्वतः जनावरं राखणारा, घर दाखवणारा माणूस बघा. मिळाला तर त्याला तांबू द्या. पैसे घेऊ नका, किंवा एक रुपया आणि नारळ घ्या. त्याच्याकडून एकच वचन घ्या, सांभाळणं होईनासं झालं तर बाजारात न नेता तुमच्याकडे परत आणायचा. कानातल्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर वहीत लिहून ठेवा, आणि नोंद त्याच्या नावावर करून द्या.

पण हे रविवारपर्यंत होणार नाही. गाय आटेपर्यंत तांबू तुमच्याकडेच राहू द्या. दीड-दोन वर्षांचा झाल्यावर वेसण आणि खच्चीकरण करावं लागेल. पूर्वी बडवायचे, तो प्रकार मी लहानपणी पाहिलाय आणि आजही डोळ्यांपुढून जात नाही. आता दवाखान्यात भूल देऊन चिमट्यानं करतात. हे घेणाऱ्याच्या दारी होऊ देत, पण डॉक्टरांकडूनच होईल हे आधी ठरवून घ्या. आणि जाताना दावं घरी ठेवा.

गोशाळेचं कुणीतरी सुचवेलच. राज्यानं सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गायीला राज्यमाता म्हटलं, गोशाळांतल्या देशी गायींसाठी दर गायीमागे रोज पन्नास रुपयांचं अनुदानही ठरवलं. काही गोशाळा मनापासून चालतात. पण नेऊन सोडलं आणि हात झटकले, असं करायचं असेल तर त्यात आणि टेम्पोत मला फार अंतर दिसत नाही. देणारच असाल तर आधी न कळवता जाऊन या, गव्हाणीत काय आहे ते बघा, आणि दरमहा त्याच्या वैरणीचे पैसे पाठवा.

पुढच्या वेताचं काय ते आजच बोलून घ्या, पाच महिन्यांनी नको. यातून वाटा दोन आहेत. पुढच्या खेपेला दवाखान्यात लिंगविनिश्चित वीर्यमात्रा, म्हणजे मादी वासरू व्हावं म्हणून वेगळं केलेलं वीर्य, मागा, त्यात दहांतल्या नऊ कालवडी होतात. नाहीतर या वेतानंतर गाय भरवूच नका. दूध शेजारच्या गवळ्याकडून घ्या आणि तिला शेणासाठी, शेतासाठी, तुमच्या सासूबाईंसाठी नुसती राहू द्या. हौसेची गाय दरसाल व्यायलाच हवी असं कुणी सांगितलंय? मला स्वतःला दुसरी वाट जास्त आवडते.

यजमानांशी बोलताना एवढं लक्षात ठेवा, तुम्ही तिघी एका बाजूला आणि ते एकटे एका बाजूला, असं झालंय. बिलं तेच भरतात, ते खरं आहे. आणि मुलीशी खोटं बोलले ते तिचा चेहरा बघवला नाही म्हणून. निर्दय माणसानं गवताची गोष्ट रचली नसती, सरळ विकून मोकळा झाला असता. वही त्यांच्याच हातात राहू द्या. फक्त दूध, शेण, गॅस आणि खत हे रकाने तुम्ही दोघांनी बसून भरा. आकड्यांत बोललात तर ऐकतील असा माणूस वाटतो.

सासूबाईंबद्दल मला मनापासून लिहायचं आहे. वसुबारस म्हणजे गाय-वासराची पूजा. नुसत्या गायीची नव्हे. त्या दिवशी आपल्या बायका गहू-मूग खात नाहीत, दूध-तूप घेत नाहीत, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी करतात. त्या एका दिवशी तरी वासराच्या वाट्याचं आपण घेत नाही. सासूबाई दारातून परतल्या तेव्हा त्यांनी रुसवा धरला असं यजमानांना वाटलं असेल. मला तसं वाटत नाही. हातात पेटलेलं निरांजन असताना त्यांनी सणासाठी खोटं वागायचं नाकारलं. बावीस वाऱ्या चाललेल्या बाईला ते साधलं, मला साधलं असतं का सांगता येत नाही. तुम्ही एकदा त्यांना म्हणा, "आई, तुम्ही परत फिरलात ते बरं केलंत." तुमच्या तोंडून हे ऐकणं त्यांना फार मोलाचं वाटेल. आणि मग त्यांना कामही द्या. खाली बसणं होत नसेल, पण खुर्चीत बसून शेवरीचा पाला शेळ्यांना घालणं होईल. बैल कसा निवडायचा, कुणाची दावण चांगली, हे त्यांच्या पिढीला कळतं. तांबूसाठी माणूस बघायला जाल तेव्हा त्यांना गाडीत पुढे बसवून न्या.

कोंबड्यांचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण घरात माळकरी बाई आणि अंगणात अंडी म्हणजे तो असणारच. अंड्याची शेगडी आणि भांडी पडवीत वेगळी ठेवा, आणि कोंबडे खायचे असतील तर त्यांना मुलांनी नावं ठेवू नयेत. याहून जास्त त्यात काही नाही.

राहता राहिलं तुमचं ढोंग. तुम्हाला देव मानायला लावणं हे माझं काम नाही आणि इच्छाही नाही. आरतीला उभं राहणं नको वाटत असेल तर सासूबाईंना सांगून टाका. माळकरी माणसांनी घरात न मानणारी माणसं पुष्कळ पाहिलेली असतात, त्यांना वाटतं तेवढा धक्का बसत नाही. पण पहाटेचं जे तुम्ही लिहिलंत त्याला कमी लेखू नका. गायीच्या कुशीला कपाळ टेकल्यावर आतून पोटाचा आवाज येतो, रवंथाचा, खोल, ओला. गाभण गाय असेल आणि दिवस भरत आले असतील तर कधी आत वासरू हललेलं कपाळाला कळतं. माझी आई त्या क्षणी धार थांबवायची, डोक्यावरचा पदर नीट करायची आणि पुन्हा धार धरायची. तिनं कधी सांगितलं नाही ते कशासाठी. मीही विचारलं नाही. तुम्हाला तिथे जे वाटतं त्याचं नाव ठरवण्याची घाई करू नका. सासूबाईंना मात्र एकदा सांगा की तुम्हाला तिथे असं वाटतं. त्या गप्प बसतील बहुधा. पण तुमच्या आरतीला उभं राहण्यापेक्षा त्यांना ते जास्त जवळचं वाटेल, असा माझा अंदाज आहे.

मुलगी देवापुढे बसत नाही त्याची काळजी आत्ता करू नका. तिला बोलावू नका, सासूबाईंनाही बोलावू देऊ नका. तिनं एक प्रश्न विचारलाय आणि ती उत्तराची वाट बघतेय. ते उत्तर तिला गोठ्यात मिळू दे.

आज गुरुवार. व्यापाऱ्याला फोन आज संध्याकाळीच जायला हवा. उद्या गेला तर टेम्पोचं भाडं ठरलेलं असेल आणि तो चिडेल, ते रास्तच आहे. फोन यजमानांनीच करावा, स्पीकरवर, मुलगी घरात असताना. कुणाच्या दावणीला बांधणार, ते नाव त्यांनी तिच्यासमोर विचारावं. आणि दोन हजार रुपये आत्ताच पाकिटात घालून बाजूला ठेवा, त्याचे पैसे एक दिवसही अडकायला नकोत.